रेटणारा दांडा आणि ओढणारा दांडा

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या आश्रयानें जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत वसलेली आहे. वसाहतींतले रस्ते डांबरी आणि शिस्तीचे. परंतु तेथून थोडें आंत गेलें कीं धानाच्या बांध्या लागतात. धान घरांत येऊन खळीं मोकळीं झालीं म्हणजे या मुलखांत शंकरपटाचा हंगाम सुरू होतो. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें या शर्यती बंद पडल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रापुरती त्यांस पुन्हां मोकळीक मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें त्यासंबंधींचे कायदे ग्राह्य ठरविले. पटावर धांवणारी छकडी ज्यानें जवळून पाहिली असेल त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल: तिला कमानी नसतात. आंसावर लांकडी साटा आणि साट्यावर धुरकरी. चाकाखालीं ढेंकूळ आलें कीं त्याचा हिसका आंसाला, आंसाचा साट्याला आणि साट्याचा धुरकऱ्याला. त्या गाडींत कमान असलीच तर ती धुरकऱ्याच्या वांकविलेल्या गुडघ्यांत असते.

पट कांहीं क्षणांत संपतो, म्हणून गुडघ्यांवर भागतें. मोटारींची शर्यत तशी नव्हे. २८ ऑक्टोबर २०१२ रोजीं दिल्लीनजीक बुद्ध मार्गावर जी शर्यत झाली तींत सवापांच किलोमीटरांच्या आंतल्या वळणदार रस्त्याचे साठ फेरे, म्हणजे तीनशें किलोमीटरांहून अधिक अंतर कापावयाचें होतें. त्या दिवशीं पहिला आला सेबास्टियन फेटेल, रेड बुलच्या गाडींत. दुसरा फर्नांडो अलोन्सो, फेरारीच्या गाडींत. वर्ष संपलें तेव्हां फेटेलचे गुण २८१ झाले आणि अलोन्सोचे २७८. एका वर्षाच्या झुंजीचा निकाल तीन गुणांनीं लागला! या दोन गाड्यांत बाहेरून दिसणारा एक भेद होता. फेटेलच्या गाडीच्या पुढल्या चाकांपासून निघणारे बारीक दांडे तिरपे वर चढत जाऊन गाडीच्या अंगांत शिरत; अलोन्सोच्या गाडीचे दांडे चाकाच्या वरच्या अंगाकडून निघून आंत खालीं उतरत. पहिल्यास पुश्‌-रॉड म्हणतात, दुसऱ्यास पुल्‌-रॉड. मराठींत आपण त्यांस रेटदांडा आणि ओढदांडा म्हणूं. ज्या घरांतील मुलगा वा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत असेल त्या घरांत हा वाद एव्हांना जेवणाच्या पानावरही आला असेल. ज्या घरांत आला नसेल तेथें आज आणावयास हरकत नाहीं.

घरच्या मोटारीला कमानी असतात त्या बसणाऱ्याच्या सुखासाठीं. शर्यतीच्या मोटारींत सुखाचा विचार कोणी करीत नाहीं. तेथें कमानीचें काम एकच: चाकाच्या रबराला जमीन सोडूं न देणें. वळणावर गाडी जी टिकते ती रबराच्या पकडीवर. ती पकड रबरावर पडणाऱ्या भारावर अवलंबून, आणि तो भार जितका एकसारखा तितकी पकड भरंवशाची. चाक उसळून क्षणभर जरी हवेंत राहिलें तरी तेवढा क्षण गाडीला वळण घेतां येत नाहीं. म्हणून स्प्रिंग हवी. स्प्रिंग दाबली गेल्यावर ती झुल्यासारखी हेलकावत राहूं नये म्हणून तिच्या जोडीला डँपर हवा, म्हणजे तेलांतून वाट काढणारा दट्ट्या. प्रश्न उरतो तो हीं दोन्ही ठेवावयाचीं कोठें.

पूर्वीं तीं चाकाशेजारीं, उघड्या वाऱ्यांत बसविलेलीं असत. काम चोख होई. पण ज्या गाडीच्या चाकांवर झांकण नसतें तिच्या बाबतींत वाऱ्याच्या झोतांत उभी असलेली प्रत्येक जाड वस्तु म्हणजे वेगावरचा कर. १९६१ च्या सुमारास लोटस कारखान्याचे कॉलिन चॅपमन यांनीं पुढल्या स्प्रिंगा उचलून गाडीच्या अंगांत दडविल्या आणि वरचा बाहू तरफेसारखा करून त्याच्या आंतल्या टोकानें स्प्रिंग दाबण्याची योजना केली. ती दिसावयास सुटसुटीत होती. पण तरफ म्हटली कीं ती वांकण्याचा प्रयत्न करणारच. पुढें गाडीला जमिनीकडे दाबणारा वाऱ्याचा रेटा वाढत गेला तसतसे हे बाहू जाड आणि जड करावे लागले. लोखंडाची कांब मधोमध वांकविणें सोपें असतें, तीच कांब लांबीच्या दिशेनें ओढून तोडणें महाकठीण. हें कोणत्याही लोहाराला ठाऊक आहे. तेव्हां वांकणाऱ्या बाहूऐवजीं केवळ ओढला जाणारा किंवा केवळ रेटला जाणारा सरळ दांडा कां लावूं नये, हा विचार पुढें आला. डर्बन येथें जन्मलेले गॉर्डन मरे यांनीं १९७४ च्या ब्रॅबॅम बीटी-४४ या गाडीच्या पुढल्या बाजूस ओढदांडा लावला. म्हणजे आज ज्यास नवलाई समजतात तो ओढदांडा या घराण्यांतला थोरला आहे. रेटदांड्यानें त्याला नंतर बाजूस सारलें.

आतां रचना. आकाशवाणीवर चित्र दाखवितां येत नाहीं, म्हणून श्रोत्यांनीं डोळे मिटून गाडी समोरून पाहत असल्याची कल्पना करावी. मध्यें गाडीचा अरुंद सांगाडा. एका बाजूस, हातभर अंतरावर, चाक. सांगाडा आणि चाक यांना जोडणारे दोन आडवे बाहू, एक वर आणि एक खालीं. सांगाड्याची कड, चाकाची कड आणि हे दोन बाहू मिळून एक चौकट झाली. तिचे सांधे हलते आहेत. जुन्या खाटेचे सांधे सैल होऊन ती एका अंगास कलली म्हणजे काय होतें? चौकटीचा एक कर्ण आंखूड होतो आणि दुसरा लांबतो. तेंच येथें. चाक उंचवट्यावर चढून वर सरकलें कीं खालच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून वरच्या आंतल्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण आंखूड होतो. त्या कर्णावर दांडा बसविला तर तो आंत रेटला जातो, हा रेटदांडा. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून खालच्या आंतल्या कोपऱ्यापर्यंतचा दुसरा कर्ण त्याच वेळीं लांबतो. त्यावर दांडा बसविला तर तो बाहेर ओढला जातो, हा ओढदांडा. सारा भेद एवढाच, कीं एकाच चौकटीचा कोणता कर्ण पत्करावयाचा.

दांड्याच्या आंतल्या टोकाशीं एक लहानसा त्रिकोणी तुकडा असतो, त्यास रॉकर म्हणतात. त्याचा एक कोपरा खिळीवर फिरतो, दुसऱ्याला दांडा आणि तिसऱ्याला स्प्रिंग जोडलेली. दांडा हलला कीं रॉकर डुलतो आणि स्प्रिंग दबते. या क्षुल्लक दिसणाऱ्या तुकड्यांत खरी किमया आहे. त्याच्या भुजा कमीअधिक करून चाकाच्या दहा मिलिमीटर चालीला स्प्रिंगची चाल आठ मिलिमीटर ठेवावी कीं सहा, हें ठरवितां येतें. आठ ठेवली तर स्प्रिंगचा जो ताठरपणा असेल त्याच्या शेंकडा ऐंशी चाकाशीं जाणवेल असें कोणासही वाटेल. तसें होत नाहीं. चाल कमी झाली तशी तरफेच्या न्यायानें शक्तीही त्याच प्रमाणांत कमी पोंचते, म्हणून ऐंशी शतांशांचा वर्ग घ्यावा लागतो आणि चाकाशीं शेंकडा चौसष्टच उरतात. पुष्कळ हुशार विद्यार्थी पहिल्या खेपेस येथें ठेंचकाळतात.

ओढदांड्याची कैवारी मंडळी आपला पहिला पुरावा आणतात तो ताण आणि दाब यांच्या फरकाचा. विहिरीचा दोर बोटाएवढा जाड असला तरी भरली घागर उचलतो. परंतु त्याच दोरानें घागर खालून वर ढकलून पाहावी! बारीक काठीवर जोर देऊन उभें राहिलें तर ती चिरडण्याआधींच मध्यें बांक घेते. अठराव्या शतकांत ऑयलर या गणितज्ञानें या बांकाचा नियम दिला: दांड्याची लांबी दुप्पट झाली कीं बांक येण्यापूर्वींची त्याची सहनशक्ति चौथाई होते. रेटदांडा हा सदैव बांकाच्या भीतींत वावरणारा, म्हणून त्याला अधिक जाडीची पोकळ नळी लागते. पोकळ वेळू त्याच वजनाच्या भरीव काठीहून ताठ असतो तें याच कारणानें. ओढदांड्याला ती भीति नाहीं. तो बारीक चालतो, वारा कमी अडवितो.

हा पुरावा खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. ओढदांडा चाकाकडच्या टोकाला खालीं तर ओढतोच, शिवाय आंतही खेंचतो. ती आंतली खेंच कोणी तरी परतवावयास हवी. ती परतवितो वरचा बाहू, आणि परतवितांना तो स्वतः दाबला जातो. रेटदांड्याच्या रचनेंत याच्या उलट. दांडा चाकाकडचें टोंक बाहेर लोटतो, म्हणून खालच्या बाहूवर ताण येतो. म्हणजे दांड्याच्या वांट्याचा दाब ओढदांड्यानें टाळला खरा, पण तो वरच्या बाहूच्या गळ्यांत बांधला. घरांतील एका भावाचें कर्ज दुसऱ्याच्या नांवावर चढविल्यानें घर कर्जमुक्त होत नसतें.

यापुढची गोष्ट कोनाची. आणि ती समजण्यास अंगणांतील कपडे वाळत घालण्याची दोरी पुरे. सैल दोरीवर ओलें धोतर टाकलें तर दोरी झोका घेते पण खुंट्यांवर फारसा जोर येत नाहीं. तीच दोरी ताणून जवळजवळ आडवी केली आणि तेंच धोतर टाकलें तर खुंटी उपटून यावयाची. दांड्याचें तसेंच. चाकाकडून तीनशें किलोंचा भार वर येत आहे आणि तो सर्व दांड्यानेंच पेलावयाचा आहे असें धरूं. दांडा जमिनीशीं ४५ अंशांचा कोन करीत असेल तर त्यांत सुमारें ४२४ किलोंचा जोर उत्पन्न होतो. कोन ३० अंश केला तर ६००; १५ अंश केला तर सुमारें ११६०; १० अंशांवर आणला तर १७००च्याही वर. भार तोच, पण दांडा आडवा पडत गेला कीं जोर असा उड्या मारीत चढतो. आणि त्याबरोबर प्रत्येक सांध्यांतील रेसभर सैलपणाही महाग पडूं लागतो.

नव्वदच्या दशकांत ओढदांडा पुढल्या बाजूनें नाहींसा झाला त्याचें एक मोठें कारण हेंच. १९९० सालीं टिरेलच्या ०१९ या गाडीनें आपलें नाक उंच उचललें, जेणेंकरून वारा नाकाखालून गाडीच्या तळाकडे मोकळा जावा. हळूहळू सर्वांनींच नाकें उंचावलीं. सांगाडाच वर गेल्यावर त्याचा खालचा कोपराही वर गेला, आणि ओढदांड्याला उतरण्यास जागा उरली नाहीं. तो आडवा पडला. रेटदांड्याला मात्र उंच सांगाडा सोयीचा, त्याचा कोन अधिकच उभा झाला. शिवाय त्याचे रॉकर व स्प्रिंगा सांगाड्याच्या माथ्यावर, एका झांकणाखालीं. कारागिरानें झांकण काढावें, स्प्रिंग बदलावी, झांकण लावावें. ओढदांड्याचीं हींच यंत्रें तळाशीं कोंदट जागेंत, कोठें हात पोंचत नाहीं अशीं. शर्यतीच्या आदल्या दिवशीं ज्यांच्या हातांत पाने असतात त्यांचें मत विचारलें तर ते बहुधा रेटदांड्याच्या बाजूनें कौल देतील, आणि त्यांच्या मताला जितकें मोल द्यावयास हवें तितकें दिलें जात नाहीं.

२००१ सालच्या मिनार्डी गाडीनंतर पुढला ओढदांडा शर्यतींतून दिसेनासा झाला. ती गाडी हांकणारा होता अगदीं नवखा फर्नांडो अलोन्सो. आणि अकरा वर्षांनीं फेरारीनें तो पुन्हां बाहेर काढला तेव्हां चाकाशीं बसला होता तोच अलोन्सो. फेरारीचा तो दांडा पाहणाऱ्याला जवळजवळ आडवाच भासे. इतका जोर पत्करून मिळालें काय? स्प्रिंगा आणि रॉकर खालीं उतरल्यामुळें गुरुत्वमध्य किंचित् खालीं आला, आणि बाहूंभोवतालचा वारा इच्छेप्रमाणें वळवितां आला. ज्या वर्षीं गाडीचें किमान वजन चालकासह ६४० किलो होतें त्या वर्षीं दोनचार किलो हातभर खालीं आणणें हा लाभ मोठा म्हणावा कीं लहान, हें ज्यानें त्यानें ठरवावें. फेरारीनें ती रचना २०१५ पर्यंत चालविली आणि २०१६ सालीं रेटदांड्याकडे परतली. तीन गुणांचें अपयश या दांड्याच्या माथीं मारणें मात्र अन्याय होईल. त्या वर्षीं अलोन्सोला दोन शर्यतींत पहिल्याच फेरींत दुसऱ्यांच्या धडकेमुळें किंवा स्पर्शामुळें बाहेर पडावें लागलें होतें.

मागल्या बाजूचा इतिहास निराळा. २००९ सालीं नियम बदलले तेव्हां रेड बुलचे ॲड्रियन न्यूई यांनीं आपल्या आरबी-५ या गाडीच्या मागल्या चाकांना ओढदांडा दिला. स्प्रिंगा दंतचक्राच्या पेटीजवळ तळाशीं गेल्या, वरचें आवरण ठेंगणें झालें आणि मागल्या पंखाकडे स्वच्छ वारा वाहूं लागला. त्या वर्षीं या गाडीनें सहा शर्यती जिंकल्या. तथापि त्याच वर्षीं कांहीं प्रतिस्पर्ध्यांनीं गाडीच्या तळाशीं मागें दुमजली वायुमार्ग काढण्याची युक्ति शोधली होती. ती उचलावयास रेड बुल गेले तर तळाची जागा त्यांच्याच ओढदांड्यानें अडवून ठेवलेली! पुढें ते वायुमार्ग नियमबाह्य ठरले, आणि थोड्याच वर्षांत बहुतेकांनीं मागें ओढदांडा स्वीकारला.

मग २०२२ सालीं चक्र उलटें फिरलें. नव्या नियमांनीं गाडीच्या पोटाखालीं रुंद वायुबोगदे आले, आणि मागल्या भागांत तळाची प्रत्येक वीत सोन्याच्या मोलाची झाली. रेड बुलनें मागें रेटदांडा लावून यंत्रें वर नेलीं, तळ मोकळा केला, आणि पुढें ओढदांडा लावला. मॅकलॅरननेंही तेंच केलें. फेरारीनें नेमकें उलट, पुढें रेटदांडा आणि मागें ओढदांडा. हंगामाची पहिली शर्यत बहारीनला झाली आणि तींत पहिला व दुसरा क्रमांक फेरारीचा! वर्षाअखेर विजेतेपद रेड बुलचें. पण त्यांच्याचसारखी मांडणी असलेली मॅकलॅरन संघांच्या क्रमवारींत पांचवी, त्या वर्षीं एकही शर्यत न जिंकतां. पुढें २०२४ आणि २०२५ सालीं हीच मॅकलॅरन, दांड्यांची मांडणी न बदलतां, संघांचें विजेतेपद घेऊन गेली. दांड्याकडे पाहून घोड्याची परीक्षा करणाऱ्यांनीं हे निकाल शेजारी शेजारी मांडून पाहावे.

येथवरची कथा परदेशी धनाढ्य कारखान्यांची झाली. महाराष्ट्रांत हा प्रश्न खरोखरी कोणाच्या जिवाला लागतो तर तो विद्यार्थ्यांच्या. विद्यार्थ्यांनीं स्वतः आंखून, स्वतः घडवून एक आसनी शर्यतीची गाडी धांवविण्याच्या स्पर्धा आपल्या देशांत होतात. त्यांपैकीं फॉर्म्युला भारत ही कोईमतूरच्या कारी मार्गावर भरत आली आहे. मुंबईंत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील विद्यार्थ्यांच्या तुकडीनें तर विजेवर चालणारी गाडी बांधून ती इंग्लंडांत सिल्व्हरस्टोनच्या स्पर्धेस नेली. या जातीच्या स्पर्धांत एकूण हजार गुणांपैकीं दीडशें गुण केवळ आंखणीचे असतात. परीक्षक गाडीभोवतीं उभे राहतात आणि विचारतात: हाच दांडा कां? येथें ‘फेरारीनें लावला म्हणून’ हें उत्तर चालत नाहीं. दोन सत्रांची मेहनत, घरच्यांकडून आणि पुरस्कर्त्यांकडून गोळा केलेला पैसा आणि परीक्षेच्या तोंडावर कर्मशाळेंत काढलेल्या रात्री, यांचा हिशेब त्या पांचदहा मिनिटांत द्यावा लागतो.

आणि त्यांची गाडी फेरारी नव्हे. तिचा वेग कमी. दांड्याची जाडी वाऱ्याला किती अडविते हा विचार तिच्यापुरता गौण. तिचा सांगाडा बहुधा पोलादी नळ्या सांधून केलेला असतो. घराच्या छपराची कैंची पाहावी. तिच्या सांध्यावर कितीही भार द्या, ती पेलते, पण दोन सांध्यांच्या मध्यें लांकडावर भार दिला तर लांकूड वांकतें. म्हणून रॉकर व स्प्रिंग नळ्यांच्या सांध्याजवळच टेंकलीं पाहिजेत. ओढदांडा घेतला तर तो सांधा तळाशीं हवा, आणि तळाच्या दोन नळ्यांमध्यें चालकाचे पाय असतात, ज्यांच्यासाठीं किती जागा मोकळी असावी हें नियमानेंच ठरविलेलें आहे. रेटदांडा घेतला तर सांधा वर मिळतो आणि दुरुस्ती सोपी, पण वजन वर चढतें. शिवाय चालक बसलेला असतांना चाकाला निदान पन्नास मिलिमीटरांची एकूण चाल असलीच पाहिजे असा दंडक आहे. तेवढ्या चालींत रॉकर आपल्या योग्य कोनांतून बाहेर निसटतां कामा नये, नाहीं तर जी स्प्रिंग सुरुवातीस ताठ होती ती शेवटीं, ऐन गरजेच्या वेळीं, मऊ पडते. कागदावर हें सारें तासाभरांत जुळतें. सांधलेली नळी उष्णतेनें दोन मिलिमीटर खेंचली गेली कीं तें पुन्हां जुळवावें लागतें. त्यासाठींच दांड्याच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे पाडलेले असतात. दांडा जागेवरच फिरविला कीं त्याची लांबी वाढते किंवा घटते, आणि गाडी जमिनीपासून किंचित् वर किंवा खालीं येते.

एवढें झाल्यावर गाडी मार्गावर उतरण्यापूर्वीं तपासणीच्या रांगेंत येते. तपासनीस वांकतो, बत्ती धरतो आणि दांड्याच्या टोकाच्या प्रत्येक बोल्टाला आपोआप सैल न होणारा नट आहे कीं नाहीं हें पाहतो. तो नसेल तर गाडी परत फिरते, मग दांडा रेटणारा असो वा ओढणारा.